वैद्य मात्तियास द लोबेल व लोबेलियाचे फूल

गेल्या नाताळाच्या सुमारास आमच्या शाळेच्या कचेरीपुढील कुंड्यांत लोबेलियाचा निळा ताटवा बहरास आला होता. झाड वीतभर उंच, फूल नखाएवढे. परंतु रंग असा की येणारा-जाणारा पालक क्षणभर थांबल्यावाचून राहत नसे. एके दिवशी प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वी पाचवीतील एका मुलाने आम्हास विचारले, की ह्या फुलाचे नाव असे चमत्कारिक का? झेंडू, शेवंती, मोगरा, जास्वंद ही आपल्या ओळखीची फुले. ह्यांपैकी एकाच्याही पाठीस कोणा मनुष्याचे नाव लागलेले नाही. आम्ही त्यास इतकेच सांगितले, की पूर्वी लोबेल नावाचा एक वैद्य होऊन गेला, त्याचे हे नाव. मुलगा समाधान पावून वर्गात गेला. परंतु आपण अर्धेच उत्तर दिले हे आमचे आम्हास ठाऊक होते. उरलेले अर्धे येथे लिहीत आहो.

मात्तियास द लोबेल ह्याचा जन्म इ. स. 1538 मध्ये लील ह्या गावी झाला. हे गाव आज फ्रान्स देशात मोडते. त्या काळी ते फ्लँडर्स प्रांतात असून तेथे बादशहा पाचवा चार्ल्स ह्याचा अंमल होता. कालाची कल्पना यावी म्हणून सांगतो, की तेव्हा आपल्या वऱ्हाडात एलिचपूरची इमादशाही नांदत होती आणि पोर्तुगीजांस गोव्यात येऊन 28 वर्षे झाली होती.

त्या काळचे युरोपातील वैद्यक जवळजवळ सर्वस्वी झाडपाल्यावर चालत असे. वैद्याने एक मुळी सांगावी, विकणाऱ्याने दुसरीच द्यावी आणि रोग्याने प्राणास मुकावे, असे प्रकार वारंवार घडत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी डायोस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्याने लिहिलेला ग्रंथ सर्वत्र प्रमाण मानीत; परंतु तो ग्रंथ भूमध्य समुद्राच्या काठच्या वनस्पतींचा. त्यातील नावे थंड प्रदेशातील रानात शोधू गेल्यास कशी सापडावी? मग ती बळेच कोणत्या तरी झाडास चिकटविली जात. एका झाडास दहा नावे व एका नावाची दहा झाडे, असा गोंधळ माजला होता. ह्यास हसण्याचे आपणास कारण नाही. आपल्याकडेही रास्ना ह्या एका नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पतींची मुळे विकली जातात, हे कोणताही अनुभवी वैद्य सांगेल. लोबेलचे सारे आयुष्य ह्या गोंधळाशी झुंजण्यात गेले. व त्या झुंजीत त्यास यश किती व मनस्ताप किती, हे पुढे दिसून येईल.

त्यास वनस्पतींची गोडी अगदी लहान वयात लागली. मात्र ज्यास आपण विद्यापीठाचे शिक्षण म्हणू ते घेण्यासाठी तो 1565 साली, म्हणजे 27 वर्षांचा असताना, दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये येथे गेला. ह्या गावचे वैद्यकाचे विद्यालय तेव्हा युरोपात फार नावाजलेले होते, आणि तेथील मुख्य आकर्षण म्हणजे गीयोम राँदले हे अध्यापक होत. राँदले ह्यांनी माशांवर मोठा ग्रंथ लिहिला होता. परंतु त्यांचे खरे सामर्थ्य त्यांच्या शिष्यांत दिसून आले. आपल्या विद्यार्थ्यांस ते पुस्तकापाशी बसवून ठेवीत नसत. रानात व समुद्रकाठी नेऊन झाड मुळासकट उपटून हाती देत. लोबेलला गुरुसहवास लाभला तो जेमतेम वर्षभर. 1566 साली राँदले वारले व जाताना त्यांनी आपली वनस्पतींवरील हस्तलिखिते ह्या नव्या शिष्याच्या स्वाधीन केली. इतके जुने शिष्य असता एक वर्षाच्या विद्यार्थ्यावर हा भरवसा त्यांनी का टाकला असेल, ह्याचा विचार शिक्षकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

माँपेल्ये येथेच त्यास प्येर पेना नावाचा प्रोव्हान्स प्रांतातील एक सहाध्यायी भेटला. ह्या दोघांनी दक्षिण फ्रान्समधील डोंगर व खाडीकाठ पायाखाली घातला. पुढे दोघेही इंग्लंडात गेले. फ्लँडर्समध्ये ह्याच सुमारास धर्माच्या नावाने रक्तपात सुरू झाला होता. स्पेनच्या राजाचा सेनापती आल्व्हा 1567 साली सैन्य घेऊन तेथे उतरल्यावर हजारो कुटुंबे समुद्र ओलांडून लंडनच्या आश्रयास गेली. लंडनमध्ये ह्या दोघा मित्रांनी मिळून एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ वनस्पतींविषयी नवी टिपणे असा होतो. त्यावर 1570 हे साल असून तो राणी एलिझाबेथ हिला अर्पण केलेला आहे. बाराशेहून अधिक वनस्पतींची त्यात माहिती आहे.

ह्या ग्रंथात नवीन ते काय, हे समजून घेण्यासाठी विद्यार्थ्यांनी आपल्या शेताच्या बांधावर जावे. एका हाती ज्वारीचे पान घ्यावे, दुसऱ्या हाती कपाशीचे. ज्वारीचे पान लांब व अरुंद, आणि त्यातील शिरा एकमेकींस न भेटता शेजारी शेजारी धावत गेलेल्या. कपाशीचे पान रुंद, पंजासारखे, आणि त्यात शिरांचे जाळे विणलेले. आता गवत, ऊस, मका, कांदा, केळ ही पाने पाहा. ती ज्वारीच्या बाजूस जातील. तूर, पळस, निंब, वड, भेंडी ही कपाशीच्या बाजूस जातील. हे आज शाळेतील मुलास ठाऊक असते. परंतु लोबेलच्या पूर्वीचे कित्येक ग्रंथकार वनस्पती अकारविल्हे मांडीत, किंवा कोणती कोणत्या रोगावर चालते त्याप्रमाणे. म्हणजे खोकल्याची औषधे एका ठिकाणी, विंचवाच्या विषावरील दुसऱ्या. लोबेलने झाडाचा मनुष्यास उपयोग काय हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेविला व झाडाकडे झाड म्हणून पाहिले. त्याने गवतापासून आरंभ केला, मग धान्ये, मग कमळिणीसारखी व कांद्याच्या जातीची झाडे, आणि मग रुंद पानांची, असा पानांच्या घडणीवरून क्रम लाविला. आजचे शास्त्र ज्यांस एकदल व द्विदल म्हणते, त्या दोन मोठ्या वर्गांची अंधुक रेषा त्याच्या ग्रंथात प्रथमच इतकी ठळक दिसते.

ह्या रीतीत दोषही होता, व तो लपविण्याचे कारण नाही. पानांवरून नाते ठरविणे म्हणजे अंगरख्यावरून घराणे ठरविण्यासारखे आहे. पुष्कळदा साधते, कधी कधी पार फसते. फुलाच्या आतील केसर मोजून वर्ग पाडण्याची कल्पना निघण्यास अद्याप दीडशेहून अधिक वर्षे जावयाची होती.

ह्याच ग्रंथात एक चित्र आहे, त्याचा येथे उल्लेख केला पाहिजे. ते तंबाखूच्या झाडाचे आहे व त्याच्या शेजारी एका मनुष्याचे डोके काढले असून त्याच्या तोंडात मोठी नळी व नळीतून निघणारा धूर दाखविला आहे. धूम्रपानाची युरोपात छापलेली जी अगदी पहिली चित्रे आहेत त्यांपैकी हे एक होय. अमेरिकेकडून परत आलेले खलाशी ताडाच्या जातीच्या पानाच्या नळ्यांतून हा धूर ओढतात, असे ग्रंथकारांनी नमूद केले आहे व ह्या वनस्पतीच्या औषधी गुणांची स्तुती केली आहे. तंबाखू हे महौषध आहे असाच त्या काळच्या वैद्यांचा समज होता. तंबाखूच्या पानाचे हे चित्र वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण लेखाच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे.

ग्रंथ छापून झाल्यावर पेना वैद्यकीच्या व्यवसायात शिरला व वनस्पतिशास्त्राच्या इतिहासातून दिसेनासा झाला. लोबेल मायदेशी परतून अँटवर्प येथे वैद्यकी करू लागला. त्या शहरात ख्रिस्तोफर प्लँटिन ह्याचा जगप्रसिद्ध छापखाना होता. आमच्या वाचकांस ह्या छापखान्याचे विशेष अगत्य वाटावे असे एक कारण आहे. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याने हिंदुस्थानातील औषधींवर लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. परंतु तो युरोपातील विद्वानांस कळला तो क्लूसियस नावाच्या पंडिताने लॅटिनमध्ये संक्षेप करून 1567 साली ह्याच प्लँटिनकडून प्रसिद्ध केला तेव्हा. क्लूसियस हाही राँदले ह्यांचाच शिष्य. अशा रीतीने आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील आंबा, सुपारी व मिरी ह्यांची वर्णने आणि लोबेलची फ्लँडर्समधील रानफुले एकाच छापखान्यातून बाहेर पडली.

लोबेलचा मोठा वनस्पति-ग्रंथ प्लँटिनने 1576 साली काढला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात पगार थकलेल्या स्पॅनिश सैन्याने अँटवर्प शहर लुटले, हजारो माणसे कापून काढली आणि घरे जाळली. छापखाना वाचविण्यासाठी प्लँटिनला पुनःपुन्हा खंडणी भरावी लागली. अशा दिवसांतही हे लोक रानफुलांची चित्रे लाकडावर कोरीत होते, ही गोष्ट आम्हास फार विलक्षण वाटते. 1581 साली लोबेलचा ग्रंथ फ्लेमिश भाषेत, म्हणजे त्याच्या देशबांधवांच्या बोलीत, निघाला. त्याच वर्षी प्लँटिनने नुसत्या चित्रांचाही एक संग्रह काढला. त्यात दोन हजारांहून अधिक चित्रे असून ती लोबेलच्या क्रमाने लाविली होती. पुढे ह्या संग्रहाचा उपयोग खुद्द लिनियसने ठिकठिकाणी आधार म्हणून केला आहे. ती चित्रे ज्यांवर कोरली ते लाकडी ठोकळे अँटवर्प येथे त्याच छापखान्याच्या वास्तूत, आज जे संग्रहालय झाले आहे तेथे, जतन करून ठेविलेले आहेत.

फ्लेमिश ग्रंथ त्याने ऑरेंजचा राजपुत्र विल्यम ह्यास अर्पण केला. हा विल्यम म्हणजे स्पेनच्या जुलमाविरुद्ध डच लोकांनी जो लढा दिला त्याचा पुढारी. लोबेल त्याचा वैद्य होता. स्पेनच्या राजाने विल्यमच्या शिरास बक्षीस लाविले होते, आणि 10 जुलै 1584 रोजी डेल्फ्ट येथे त्याच्याच घरात एका मारेकऱ्याने त्यास पिस्तुलाने ठार केले. दोन हजार वनस्पतींचे गुण जाणणाऱ्या वैद्यापाशी ह्या घावावर औषध नव्हते. आश्रयदाता गेला. पुढे काही वर्षे लोबेलने नेदर्लंड्समध्येच वैद्यकी केली व मग पुन्हा इंग्लंडचा रस्ता धरिला.

लंडनमध्ये लाइम स्ट्रीट नावाची गल्ली आहे. तेथे त्या काळी फ्लेमिश निर्वासितांची वस्ती असून त्यांत वैद्य, औषधे विकणारे, रेशमाचे व्यापारी असे वनस्पतींचे शौकीन पुष्कळ होते. ह्या मंडळींत लोबेल वडीलधारा मानला जाई. लॉर्ड झूश नावाच्या सरदाराने हॅकनी येथे मोठी बाग लाविली होती, तिची देखरेख त्याच्याकडे आली. 1598 साली हा सरदार राणीचा वकील म्हणून डेन्मार्कला गेला, तेव्हा साठ वर्षांचा लोबेल त्याच्याबरोबर होता. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे जिजाबाईंचा जन्म झाला असे मानतात. तेव्हा बुलढाण्याच्या वाचकास हे साल लक्षात ठेवणे जड जाऊ नये.

आता जी हकीकत सांगावयाची ती लोबेलच्या आयुष्यातील सर्वांत कडू होय. जॉन जेरार्ड नावाचा एक शस्त्रवैद्य लंडनमध्ये होता. तो उत्तम माळी होता ह्यात संशय नाही. त्याची होबर्नची बाग सर्व शहरात गाजलेली होती आणि त्या बागेतील झाडांच्या यादीस लोबेलने स्वतः शिफारस लिहून दिली होती. ह्या जेरार्डने इंग्रजी भाषेत वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार केला. नॉर्टन नावाच्या प्रकाशकाने डोडोन्स ह्या फ्लेमिश पंडिताच्या ग्रंथाचे भाषांतर दुसऱ्या एका वैद्यास सांगितले होते. तो वैद्य मध्येच वारला. ते काम जेरार्डकडे आले. त्याने त्यात फेरफार केले, क्रम बदलून लोबेलचा क्रम घातला, आणि ग्रंथ आपल्या नावावर चढविला. प्रस्तावनेत मात्र त्या मृत वैद्याचे भाषांतर नाहीसे झाले असे लिहून तो मोकळा झाला.

ग्रंथ छापखान्यात असताना लाइम स्ट्रीटवरील गॅरेट नावाच्या एका औषधे विकणाऱ्याच्या नजरेस काही पाने पडली. चित्र एका झाडाचे व वर्णन दुसऱ्याचे, असे प्रकार जागोजाग होते. त्याने नॉर्टनला सावध केले. नॉर्टन घाबरला व चुका दुरुस्त करण्यासाठी त्याने लोबेलला बोलाविले. लोबेल कामास लागला. आपण हजाराहून अधिक ठिकाणी दुरुस्ती केली असे त्याने मागाहून लिहिले आहे. इतक्यात जेरार्डला हे कळले व त्याने काम थांबविले. ग्रंथ आहे तसा पुरेसा शुद्ध आहे, आणि लोबेल तर परदेशात राहून इंग्रजी विसरला आहे, असे त्याचे म्हणणे पडले. 1597 साली सुमारे चौदाशे पानांचा तो ग्रंथ चुकांसह बाहेर पडला, घरोघर गेला व जेरार्डचे नाव झाले. गंमत अशी की त्याच्या आरंभी लोबेलचेही एक स्तुतिपत्र छापलेले आहे.

लोबेलचा संताप पुढे कधीच शमला नाही. जेरार्डच्या बागेच्या यादीतील आपल्याच शिफारशीवर त्याने रेघ ओढली व हे सारे खोटे आहे असे स्वहस्ते लिहिले. ती प्रत शिल्लक राहिली आहे. नंतरच्या ग्रंथांत त्याने जेरार्डवर उघड आरोप केले.

ह्या भांडणात आम्ही कोणाकडे? शाळेत आम्ही रोज वह्या तपासतो, आणि शेजाऱ्याच्या वहीतून उतरलेला निबंध ओळखण्यास आम्हास फारसा वेळ लागत नाही. तेव्हा जेरार्डविषयी आमचे मत काय असावे हे विद्यार्थी जाणतातच. तथापि न्याय दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे. लोबेल हा गोड बोलणारा गृहस्थ नव्हता. त्याची लॅटिन भाषा रुक्ष व दुर्बोध आहे, आणि मातिओली नावाच्या इटालियन पंडितावर त्याने आपल्या पहिल्याच ग्रंथात केलेली टीका वाजवीपेक्षा जास्त तिखट आहे. जेरार्डची भाषा मात्र रसाळ होती व ती सामान्य लोकांची होती. ज्या गृहिणीस लॅटिन येत नव्हते तिने जेरार्ड वाचला, लोबेल वाचला नाही. पण चुकीच्या चित्राखाली दिलेले औषध त्याच गृहिणीने आपल्या लेकरास पाजावयाचे होते, आणि लोबेल अडून बसला होता तो ह्याच गोष्टीसाठी. शेवटी 1633 साली थॉमस जॉन्सन नावाच्या दुसऱ्या एका औषधतज्ज्ञाने तो ग्रंथ आमूलाग्र दुरुस्त करून काढला. तो दिवस पाहण्यास दोघांपैकी कोणीच उरले नव्हते.

म्हातारपणी लोबेलला काही मान मिळाला. राजा पहिला जेम्स ह्याने त्यास राजाचा वनस्पतिशास्त्रज्ञ ही पदवी दिली. अखेरच्या वर्षांत तो एका नव्या ग्रंथाच्या मागे लागला होता, ज्यात सर्व वनस्पतींची पुन्हा तपासून केलेली वर्णने यावयाची होती. तो पुरा झाला नाही. 3 मार्च 1616 रोजी लंडनजवळील हायगेट येथे, वयाच्या 78व्या वर्षाच्या सुमारास, त्याने देह ठेविला. लाइम स्ट्रीटजवळच्या सेंट डायोनिस ह्या मंदिरात त्याचे दफन झाले. ते मंदिर 1666 च्या मोठ्या आगीत जळाले, पुन्हा बांधले गेले आणि 1878 साली पाडून टाकण्यात आले.

अपुऱ्या ग्रंथाची कागदपत्रे जॉन पार्किन्सन ह्याच्या हाती गेली व त्याने 1640 साली काढलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांचा भरपूर उपयोग केला. 1655 साली विल्यम हाऊ नावाच्या वैद्याने लोबेलच्या त्या कागदांपैकी काही भाग छापून पार्किन्सनवर चोरीचा आरोप ठेविला. हा आरोप आम्हास थोडा कठोर वाटतो, कारण पार्किन्सनने लोबेलचे नाव दडविलेले नाही. असो. मरणानंतर चाळीस वर्षेपर्यंत ह्या मनुष्याचे श्रम कोणाच्या खात्यावर मांडावे ह्याविषयी वाद चालला होता, इतके मात्र खरे.

आणि फूल? लोबेलच्या हयातीत लोबेलिया हा शब्दच नव्हता. 1703 साली शार्ल प्ल्युमिए नावाच्या फ्रेंच साधूने, ज्याने वेस्ट इंडीज बेटांच्या तीन सफरी केल्या होत्या, अमेरिकेतील नव्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या वनस्पतिज्ञांचे ऋण फेडण्यासाठी त्याने त्यांची नावे नव्या झाडांस दिली. जर्मनीच्या फुक्सवरून फुक्सिया, माँपेल्येच्या मान्योलवरून मॅग्नोलिया, आणि लोबेलवरून लोबेलिया. खुद्द ह्या प्ल्युमिएचेही नाव एका झाडास मिळाले, आणि ते झाड आपल्या गावोगावी देवळाशी व कबरस्थानात उभे आहे. पांढरा चाफा तो हाच. शास्त्रात त्यास प्ल्युमेरिया म्हणतात. आरंभी आम्ही लिहिले की आपल्या ओळखीच्या फुलांच्या पाठीस मनुष्याचे नाव नाही. चाफ्यापुरते ते विधान दुरुस्त करून घ्यावे.

परंतु प्ल्युमिएने ज्यास लोबेलिया म्हटले ते समुद्रकाठचे एक मांसल पानांचे झुडूप होते. लिनियसने 1753 सालच्या आपल्या ग्रंथात हे नाव ज्या समूहास लाविले त्यातील बहुतेक वनस्पती निराळ्याच होत्या, आणि पुढे ते झुडूप त्या समूहातून वगळले जाऊन नाव मात्र त्याच समूहाकडे राहिले. म्हणजे लोबेलच्या नावाचे फूलसुद्धा एकाकडून काढून दुसऱ्यास दिलेले आहे! जिवंत असता तर तो ह्यावरही भांडला असता.

ह्या समूहात आज चारशेहून अधिक जाती मोजतात व त्या जगभर पसरल्या आहेत. आमच्या कुंड्यांतील निळी जात मूळची दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील. उत्तर अमेरिकेत ओढ्याकाठी फुलणारी एक जात इतकी लाल असते की रोमन कार्डिनलांच्या झग्यावरून तिचे नाव पडले. ती युरोपातील बागांत पोहोचली लोबेलच्या मरणानंतर, आणि पार्किन्सनने 1629 मध्ये तिचे वर्णन केले. अमेरिकेचीच आणखी एक जात ओकारी करविणारे औषध म्हणून वापरीत. तिच्यापायी सॅम्युएल थॉमसन नावाच्या एका झाडपाल्याच्या वैद्यावर 1809 साली खुनाचा खटला झाला व तो सुटला. युरोपातील थंड तळ्यांत एक जात पाण्याखाली पाने पसरून फक्त फुलांचा दांडा वर काढते. आणि पूर्व आफ्रिकेत केनियाच्या उंच पर्वतावर, जेथे रोज रात्री गोठणारी थंडी पडते, तेथे मनुष्याहून उंच तुरे काढणारे लोबेलिया आहेत. त्यांतील एका जातीच्या पानांच्या द्रोणात पाणी साचून राहते. रात्री त्याचा वरचा थर गोठतो व खालचे पाणी कोवळ्या अंकुरास थंडीपासून वाचविते. इतक्या भिन्न रूपांतून एकच समूह कसा ओळखावा? पानांवरून नव्हे. फूल पाहावे. फुलाची नळी वरच्या बाजूस उभी चिरलेली असते, पाकळ्यांपैकी दोन वर व तीन खाली असतात, आणि आतील परागकोश एकमेकांस चिकटून त्यांची बारीक नळी झालेली असते. शिवाय कळी उमलताना देठ पिळला जाऊन फूल उलटे होते. आपण जी खालची बाजू समजतो ती मूळची वरची.

ह्याच समूहातील एक झाड आपल्या सह्याद्रीवर आहे. महाबळेश्वराकडील उंच डोंगरउतारांवर पावसाळा संपल्यावर ते दिसते. पुरुषभर किंवा त्याहून उंच, सरळ पोकळ दांडा आणि शेंड्यावर पांढुरक्या फुलांचा लांब तुरा. मराठीत त्यास देवनळ म्हणतात, धवळ म्हणतात, आणि पानांवरून रानतंबाखूही म्हणतात. गंमत म्हणजे शास्त्रीय नावही तेच सांगते: तंबाखूच्या पानांचा लोबेलिया. पान खरोखरच तसे आहे. लोबेलच्या ग्रंथातील ते तंबाखूचे चित्र येथे आठवावे. त्याच्या हाती हे पान दिले असते, तर त्याच्या रीतीप्रमाणे त्याने ते तंबाखूशेजारी मांडले असते व चूक केली असती; कारण तंबाखू ही वांगी, मिरची व धोतरा ह्यांच्या कुळातील, तर देवनळाचे त्या कुळाशी काही नाते नाही. आणि तरीही ह्या चुकीत एक अर्धसत्य दडलेले असते. देवनळात व त्याच्या अमेरिकन भावंडात लोबेलीन नावाचे विष असते. ते मज्जातंतूंवर काहीसे तंबाखूतील विषासारखेच काम करते, इतके की तंबाखूचे व्यसन सोडविण्यासाठी त्याच्या गोळ्या करून पाहण्यात आल्या, परंतु त्यांचा गुण सिद्ध झाला नाही. वाळलेल्या देवनळाची धूळ नाकातोंडात गेली तरी तंबाखूच्या पुडीप्रमाणे घसा जळतो. शाळेच्या सहलीस महाबळेश्वरी जाणाऱ्या मुलांनी हा पोकळ दांडा बासरी किंवा पिचकारी करण्यासाठी तोडू नये व तोंडाशी तर मुळीच नेऊ नये. पालकांनीही घरी मुलांस हे बजावून ठेवावे.

आमच्या कुंड्यांतील निळा लोबेलिया एका हिवाळ्यापुरता. बुलढाणे गाव उंचावर असल्याने खालच्या मलकापूर-खामगावपेक्षा येथे तो थोडा अधिक टिकतो. परंतु मार्चचे ऊन लागले की तोही माना टाकतो. ह्याचे बी धुळीसारखे बारीक असते. दसऱ्याच्या सुमारास चाळलेल्या मातीवर ते नुसते भुरभुरावे, वर माती लोटू नये, कारण उगवण्यास त्यास उजेड लागतो. आणि झारीने पाणी न घालता कुंडी खालून भिजवावी. दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याने ह्या वर्षी पहिली कुंडी आपण लावणार असे सांगून ठेविले आहे. उरलेले बी शास्त्राच्या खोलीतील कपाटात काचेच्या बाटलीत आहे. ज्यास पाहिजे असेल त्याने कागदाची पुडी घेऊन यावे.